सातवा खिळा

२७ ऑक्टोबर २०२४, रविवार. नंदनवन, नागपूर

ही वही खरं तर सुतारकामाची. कोणत्या फळीची जाडी किती, रंध्याच्या फेऱ्या किती दिल्या, कुठे चुकलं, एवढंच तिच्यात लिहायचं असा माझाच नियम. आज तो मोडतो, कारण आज मी फार खुशीत आहे.

नाशिकहून सामान आलं. पाटबंधारे खात्यातला आरेखक स्वतः मागून नागपूरला बदली घेतो म्हटल्यावर ऑफिसात सगळ्यांनी ‘जितेंद्र, वेडा झालास का’ म्हणत मला वेड्यात काढलं होतं. पण वंदना इकडची. तिचं माहेर कन्हानला आणि बाळंतपण नोव्हेंबरच्या शेवटी. सासूबाई, म्हणजे यमुताई, आमच्याकडेच येऊन राहणार आहेत. घर तळमजल्याचं, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मागे फरशीचं ऐसपैस अंगण, अर्ध्यावर पत्रा, भिंतीला प्लग. घरमालक हॉल किती मोठा ते दाखवत होते आणि मी तो प्लग बघत होतो.

विजेवरचा रंधा ट्रकमध्ये टाकला नाही. नागपूरपर्यंत मांडीवर घेऊन आलो. ब्याऐंशी मिलिमीटरची पाती, खोली अर्ध्या मिलिमीटरवर लावली की सागवानावरून लोण्यासारखा जातो. वंदना त्याला माझी सवत म्हणते. पात्यांचा जादा जोड तेलाच्या कागदात गुंडाळून आतल्या खोलीतल्या कपाटात, तिच्या साड्यांच्या खाली ठेवला. तिथे दमट लागत नाही. तेलाचा डाग पडला तर सवतीसकट बाहेर काढीन, असं बजावून झालं आहे.

४ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळी झाली. पाळणा मी स्वतः करणार, असं काल जेवताना जाहीर केलं. यमुताईंना पटलं नाही. त्यांच्याकडे पहिल्या लेकराचा पाळणा मागून आणतात, तोही जिथली पोरं धडधाकट आहेत अशा घरचा. नवा पाळणा म्हणजे त्यांच्या मते देवाला डिवचणं. मी म्हटलं, मागून आणलेल्या पाळण्यात ढेकूण पण मागूनच येतात. वंदना हसली, त्या हसल्या नाहीत.

आज ऑफिसातून परस्पर कवडूकडे गेलो. पाडलेल्या घरांची दारं, खिडक्या, खांब विकतो. माणूस भला आहे, पण बोलण्यात घोळ फार. पाळण्याची पेटी आणि उभे पाय करायला सरळ फळ्या मिळाल्या. पाळणा ज्याला टांगायचा ती वरची आडवी तुळई मात्र मनासारखी मिळेना. मग कोपऱ्यात पोत्याखाली दिसलं. चार फूट दोन इंच लांब, पाच इंच रुंद, साडेतीन इंच जाड. जुनं सागवान, काळं पडलेलं, पण नखाने खरवडलं तर आतून मधासारखं. खापा गावातल्या एका घराचा उंबरठा. मधोमध एका ओळीत सात खिळे, पार आतपर्यंत ठोकलेले.

कवडू ते द्यायला तयार नव्हता. मजूर चुकून घेऊन आला, घरवाल्याने वावरात पुरायला सांगितलं होतं, म्हणाला. का, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. मी सोडतोय होय. शेवटी त्याने दिलं, वर एकच सांगितलं की खिळ्यांचं लाकूड कापून फेकून द्या, खिळे काढत बसू नका. आता मला सांगा, मधलं लाकूड कापून फेकलं तर उरलं काय? रिक्षात ते आडवं धरून आणलं.

१० नोव्हेंबर, रविवार

जुन्या लाकडाचा पहिला धडा: रंधा लावण्याआधी प्रत्येक खिळा निघालाच पाहिजे. एक राहिला तरी पात्याचा घास घेतो. लोहचुंबक फिरवून पाहिलं, ते सातच.

साधे खिळे नव्हेत. चौकोनी, लोहाराने हाताने घडवलेले, बोटभर लांब. भोवतालचं लाकूड पटाशीने खरवडून डोकी मोकळी केली आणि जंबुऱ्याने एकेक उपटला. निघताना लाकूड असं कण्हायचं की यमुताई आतून दोनदा बघायला आल्या. सहा निघाले. सातवा निम्म्यात तुटला, बोटाच्या पेरभर तुकडा आतच राहिला. उकरला असता तर तुळईला खड्डा पडला असता. म्हणून त्यावर पोगर, म्हणजे बोथट टोकाची पोलादी कांब, ठेवून हातोडीने खोल घातला. खिळ्याचं डोकं नेहमी लाकडाच्या आत असावं, वर हात फिरवला तर लागता कामा नये, ही माझी जुनी खोड.

मग रंधा. सुरुवातीला पुढच्या तळावर भार, शेवटी मागच्या, म्हणजे टोकाला खड्डा पडत नाही. पहिल्या फेरीत काळं निघालं, दुसऱ्या फेरीत तपकिरी, पाचव्या फेरीला नुसतं सोनं. छिलक्यांची पिशवी चार वेळा रिकामी केली. त्यांतलेच छिलके यमुताईंनी बाळंतिणीच्या शेगडीसाठी भरून ठेवले. तुटका खिळा किती खाली आहे ते तारेने मोजलं. आठ मिलिमीटर. सातही भोकं भुसा आणि डिंक मळून बुजवली. सहा खिळे टाकवले नाहीत, बिस्किटाच्या डब्यात ठेवले.

१७ नोव्हेंबर, रविवार

पाळणा उभा राहिला. दोन्हीकडे पाय, वर ती तुळई, तिला पितळी कड्या आणि खाली पेटी. बाळ झोपलं की त्याच्या तोंडावर बरोबर दोन फुटांवर ती तुळई येते. ते सोनं बघत झोपेल.

कड्या वाजतात का बघायला रिकामाच हलवला, तर यमुताईंनी धावत येऊन धरला. रिकामा पाळणा हलवू नये, हे मलाही ठाऊक होतं. पण आपणच केलेली वस्तू हलवून बघायची नाही, असं कसं होईल?

२१ नोव्हेंबर, गुरुवार

मुलगी. सकाळी नऊ दहाला. दोन किलो नऊशे ग्रॅम. नाक वंदनाचं, कान माझे, आवाज यमुताईंचा.

वंदना सुखरूप. मी कॉरिडॉरमध्ये उभा राहून रडलो आणि एका अनोळखी माणसाने मला पाणी दिलं. आज दुसरं काही लिहिवत नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

काल दोघी घरी आल्या. बाळाला पाळण्यात घातलं तेव्हा ती रडत होती. दोन झोके दिले आणि गप्प. नुसती गप्प नाही, वर बघून ओठ हलवत होती. वंदना म्हणाली, बाप सुतार झाल्याचं चीज झालं. माझी छाती एवढी फुगली की सदऱ्याचं बटण तुटलं असतं.

खोलीत निरशा दुधाचा वास येतो. बाळंतिणीची खोली, यायचाच. नाव बारशाला ठेवायचं, दोन डिसेंबरला. तोवर ती नुसतं बाळ.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

बाळ अंगावर पीत नाही.

काल सकाळपासून. वंदना जवळ घेते, बाळ तोंड फिरवतं. भुकेलं आहे म्हणावं तर रडत नाही. पोट भरल्यासारखं ढेकर देतं, ओठांच्या कडेला पांढरं सुकलेलं असतं. वंदनाला वाटलं आई वरचं दूध पाजते. यमुताईंना वाटलं वंदनानेच पाजलं. दोघी एकमेकींवर रुसल्या, मग दोघींनाही कळलं की कुणीच पाजलं नाही.

आज वजन केलं. दोन किलो पाचशे वीस. डॉक्टर म्हणाले पहिल्या आठवड्यात थोडं उतरतं, पण इतकं नाही. दर दोन तासांनी चमच्याने पाजा. पाजलं. सगळं बाहेर आलं. आत जागाच नसल्यासारखं.

२७ नोव्हेंबर, बुधवार

आज रजा टाकली. दुपारी साडेतीनला वंदना झोपली होती, यमुताई अंगणात कपडे काढत होत्या. मी पाळण्याशी बसलो होतो.

बाळाच्या दुपट्यावर काहीतरी बारीक पडलेलं दिसलं. उचललं. भुशाची गोळी. मीच मळून भोकात बसवलेली. आणखी एक, आणखी एक. वर बघितलं तर सातही भोकं उघडी होती आणि भोवतालचं लाकूड ओलं.

भोकाच्या तोंडाशी एक थेंब जमत होता. पांढरा. तो पडायच्या आधीच बाळाने तोंड उघडलं. पडला. तिने गिळला. पुन्हा तोंड उघडलं. दुसऱ्या भोकाशी दुसरा थेंब तयार.

मी बोट लावून वास घेतला. दूध. कोमट होतं.

बाळाला उचलून वंदनाजवळ ठेवलं, पाळणा सोडला, तुळई अंगणात नेऊन भिंतीशी उभी केली. यमुताईंनी पाहिलं. हातातले कपडे खाली ठेवून भिंतीला टेकून बसल्या.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

उपयोग नाही. बाळ पलंगावर, दोघींच्या मधे. तरी पहाटे ओठ पांढरे.

सकाळी दवाखान्यात दाखल केलं. दोन किलो तीनशे. तिथेही तेच. नर्सने यमुताईंना सगळ्यांदेखत झापलं की चोरून दूध पाजता आणि वर नाही म्हणता. मग डॉक्टरांनी तपासलं. पोट रिकामं. ओठांवर दूध, श्वासाला दुधाचा वास आणि पोटात काही नाही. सलाईन लावली. एवढ्याशा हाताला केवढी ती सुई. वंदनाला पान्हा फुटतो आणि घ्यायला कोणी नाही. छातीत गाठी धरल्या आहेत, हात लावू देत नाही. माझ्याकडे बघत पण नाही.

संध्याकाळी कवडूला गाठलं. माझं तोंड बघूनच त्याने विचारलं, खिळे काढले काय. घरवाल्याचं नाव आणि खाप्याचा पत्ता लिहून दिला. चंपतराव.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

खाप्याला जाऊन आलो. सगळं नीट लिहितो. नीट लिहिलं तर नीट करता येईल.

चंपतराव बासष्टचे. शेती करतात, जुनं घर पाडून स्लॅबचं बांधलं. मी काय सांगतो ते त्यांनी ऐकलं. खिळे काढले म्हटल्यावर डोळे मिटले. मला वाटलं शिव्या देतील. त्यांनी विचारलं,

“कशी हाय माही माय?”

त्यांची आई ते आठ दिवसांचे असताना गेली. बारसं व्हायचं होतं. ती गेल्याच्या तिसऱ्या दिवसापासून बाळाचे ओठ पांढरे दिसायला लागले आणि बाळ सुकायला लागलं. आजीने गावच्या लोहाराकडून सात खिळे घडवून घेतले आणि ती पाजायला आत आलेली नाही अशी वेळ बघून उंबरठ्यात ठोकले. बाळ जगलं. ती मात्र गेली नाही, बाहेर उभी राहिली. घरात पुढे ज्या-ज्या बायका बाळंत झाल्या त्या-त्या वेळी उंबरठ्याची बाहेरची बाजू ओली व्हायची. आजी गेल्यावर ते पुसायचं काम चंपतरावांकडे आलं. रोज सकाळी फडक्याने पुसायचे, स्वतःच्या पोरांच्या वेळी आणि नातवंडांच्या वेळीही.

“वाईट नाई थे,” ते म्हणाले. “तिले समजत नाई का मी मोठा झालो. दूध तिचंच हाय, पण त्याच्यात जीव नाई. आनं मी, साठ वर्सं सोताच्या मायले भेत राह्यलो.”

मी विचारलं जाळून टाकू का, कन्हान नदीत सोडू का. तर माझा हात गच्च धरला. ते लाकूड आहे तोवर तिला थांबायला जागा आहे. लाकूड गेलं तर तिला अडवायला काहीच नाही. सातवा खिळा तुटून आत राहिला हे सांगितलं तेव्हा मात्र त्यांना रडू फुटलं. त्या एका खिळ्याने ती अजून अर्धी बाहेर आहे. नुसती वाकून पाजते. आत आली तर पाजून थांबणार नाही, लेकरू उचलून नेईल.

करायचं ते असं: काढलेले सहा खिळे त्याच भोकांत परत ठोकायचे. पण लाकूड कोरडं असताना. ओलं म्हणजे ती उंबरठ्यावर वाकलेली आहे. कोरडं म्हणजे मागे सरली. दिवस माथ्यावर आला की थोडा वेळ सरते.

म्हटलं, चला माझ्याबरोबर आत्ता. उद्या नातीचा साखरपुडा. परवा दुपारच्या बसने नक्की येतो म्हणाले. मी आलो तर मला बघून सरेल ती, म्हणाले. मला राग आला. साखरपुडा! माझं बाळ मरतंय आणि यांचा साखरपुडा. तसं बोललोही.

३० नोव्हेंबर, शनिवार

वजन थांबलंय, दोन किलो दोनशे पन्नास. सलाईनच्या जोरावर. दुपारी घरी सोडलं, सोमवारी सकाळी परत या. वंदनाने हात जोडून ठेवून घ्या म्हटलं. खाटा नाहीत.

अकरापासून तुळईजवळ बसलो होतो. शेजारी डबा, हातोडी, पोगर. बारा. साडेबारा. एक. फडक्याने पुसलं की पुन्हा ओलं. पंखा लावला. उन्हात नेलं. अंगणभर दुधाचा वास. मुंग्या मात्र एकही नाही.

दिवस माथ्यावरून गेला. ती सरली नाही.

बाळ रडत नाही आता. नुसते ओठ हलवते.

१ डिसेंबर, रविवार

सकाळी ८. वंदनाला एकशे तीन ताप. छाती दगडासारखी. रात्रभर विव्हळत होती. बाळाला घेऊन बसते आणि बाळ तोंड फिरवतं. माझ्याकडे बघून एकच वाक्य म्हणाली, “तुम्ही काहून काढले ते खिळे?” नाशिकला पाच वर्षं माझ्याशी माझ्या भाषेत बोलणारी वंदना.

पात्याला लागू नयेत म्हणून.

१०.४०. यमुताई वंदनाला रिक्षाने दवाखान्यात घेऊन गेल्या. बाळ आतल्या खोलीत पलंगावर झोपलंय, चहूबाजूंनी उशा. ताप, गर्दी, तिथे कुठे नेणार. मी आहे ना, म्हटलं. यमुताईंनी उंबरठ्यावरून मागे वळून पाहिलं, पण गेल्या.

११.१५. ओलं.

चंपतरावांचा फोन. एकच्या बसमध्ये बसतील. अडीचपर्यंत पोचतील. मी येईपर्यंत काही करू नका, म्हणाले.

११.४०. बाळाचे हात गार. नखं निळसर. दवाखान्यात नेलं तरी ती तिथेही पाजतेच. अडीच म्हणजे तीन तास. मोजलं, मिनिटाला श्वास किती. मोजलेलं लिहीत नाही.

ओलं.

१२.०५. एक सुचलं. लाकूड ओलं म्हणजे वरचा थर ओला. सुतार काय करतो? ओला थर काढतो. खाली कोरडं असतंच. अर्धा मिलिमीटर. खिळा आठ खाली आहे, म्हणजे सोळा फेऱ्या. चारांत काम होईल. फार तर सहा. मागे सरत नसेल तर कोरडं मी करीन. माझं हे तर काम आहे.

१२.१५. दोन फेऱ्या. छिलके ओले, पिशवीत चिकटतात. खालीही ओलं.

चार. ओलं.

सहा. हाताला पांढरं लागतंय. रंधा घसरतो.

१२.३०. आत जाऊन आलो. श्वास आहे. ओठ पांढरे. बोटाने पुसले तर माझं बोट चोखायला लागली. माझं बोट. लगेच सोडलं.

नऊ.

अकरा. चंपतरावांचा फोन वाजतोय. रंध्याच्या आवाजात नाही ऐकला असं सांगेन.

तेरा. साडेसहा मिलिमीटर. थांबायला हवं. अजून दीड आहे. एक फेरी. खोली कमी करून एक

चौदा. ओलं. सगळं आतपर्यंत ओलं आहे, मधापर्यंत, किती वर्षं ती या लाकडात

पंधरा

१२.५०. ठिणगी. रंधा हातातून उसळला. पातं मोडलं, अर्धं भिंतीत. खिळ्याचा तुकडा नुसता घासला गेला नाही, उपटून निघाला. छिलक्यांत सापडला. चकचकीत, पेरभर. सोळा म्हणजे आठ, हे गणित माझं. टोकाकडे दाब जास्त दिला असेन. नेहमी सांगतो मी, शेवटी मागच्या तळावर

हे काय केलं मी.

१२.५५. कोरडं!

हात फिरवला. दोन्ही हात. खडखडीत कोरडं, वैशाखातल्या फळीसारखं. वास पण नाही. भोकं कोरडी. ती सरली. बारा वाजून गेले, दिवस माथ्यावर, सरली ती, चंपतराव म्हणालेच होते. जितेंद्र, पटकन.

१.०५. सगळे ठोकले. सहाही त्यांच्या-त्यांच्या भोकात, आणि सातवा तुकडाही, उपटला होता तिथेच. सात. पोगर ठेवून सगळ्यांची डोकी आत बसवली. वरून हात फिरवला तर काही लागत नाही. कोरडं आहे. अजून कोरडं. देवा, कोरडं आहे.

हुंदके देऊन रडलो. आता वंदनाला फोन करतो.

१.१०. आल्या वाटतं. आतल्या खोलीत पाळणा म्हणतंय कुणीतरी, हळू आवाजात. यमुताईंच्या गावचा असेल, शब्द कळत नाहीत. बाळ पितंय. घोट इथपर्यंत ऐकू येतात. पितंय, माझी पोर पितेय, वंदनाला पाजता आलं अखेर. उठतो. आधी हात धुतो.

१.१२. वंदनाचा मेसेज. नंबर चौदावा आहे, अजून नववा आत गेला. बाळ कसं आहे विचारते.

पुढचं दार आतून लावलेलं आहे. कडी मीच लावली होती.

मग कोरडं कशाने झालं

मागे सरली म्हणून नाही. तिथे नाहीच म्हणून. सातवा निघाला तेव्हाच ती आत

आणि मी मागून सात खिळे ठोकून तिला आतच

उठवत नाही. लिहितो, लिहिलं तर सुचेल. खिळे काढायचे. काढले तर बाहेर जाईल. जंबुरा आहे. धरू कशाला? डोकी आत बसवली आहेत, सगळी, हाताला काही लागत नाही, मीच तर

पटाशीने खरवडता येत नाही, निसटते. रंधा. वरचं लाकूड काढलं तर डोकी उघडी पडतील. पातं मोडलं. दुसरा जोड कपाटात, साड्यांखाली. आतल्या खोलीत.

गेटवर कुणीतरी हाक मारतंय का, की बस अजून

घोटांचा आवाज थांबला. बाळाचा श्वास ऐकू येत नाही इथून, कधीच येत नव्हता, येत नव्हता

पाळणा म्हणणंही थांबलं. आत जायचं. पाती घ्यायची. बाळाला घ्यायचं. आधी बाळाला. ती दाराशी आली आहे, बाळ तिच्या खांद्यावर, आणि ती मला विचारते की याचं नाव अजून का